सर्जनची जागा रिकामी आहे

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं शिकायचं तरी कुणाकडून? शिकवणारा समोर असायला हवा की नको? लोक विचारतात, "काय डॉक्टर, अजून चाकू हातात नाही?" अहो, देणार कोण? तुम्हाला सांगतो, मी डॉक्टर रमाकांत मोघे, सर्जरीत एम.एस. करतोय... करतोय म्हणजे काय, आकडा धरतोय! हसू नका. पोट उघडलं की जखमेच्या कडा ओढून धरायला एक लोखंडी आकडा असतो, रिट्रॅक्टर म्हणतात त्याला, तो धरून उभं राहायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही, कारण सरांचं डोकं मध्ये. हललं की सर ओरडतात, आणि नाक खाजलं तर ते देवाच्या हवाली!

आमचे सर म्हणजे डॉक्टर जयसिंहराव घोरपडे. आमच्या ग्वाल्हेरात, लष्कर भागात विचारा कुणालाही. हात असा चालायचा की बघत राहावं, आणि तोंड त्याहून जोरात. "मोघे, तू माणूस आहेस की खुंटी? खुंटी असशील तर हलू नकोस, माणूस असशील तर जरा ओढ!" दोन वर्षं मी ओढलं. ओढून ओढून दंड दुखायचे, घरी ताटातला घास उचलवत नसे. आणि एक दिवस हात धुता धुता सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुढचा हर्निया तुझा." बस्स, एवढंच! मी घरी, दौलतगंजापर्यंत, पायी गेलो की उडत गेलो, मला आठवत नाही. आईनं शिरा केला. दुसऱ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, "डाक्टर साहब, सुना है आपको हर्निया हुआ है?"

आणि तेवढ्यात काय व्हावं? राज्यांची पुनर्रचना!

आता हे ऐका. मी जन्मलो ग्वाल्हेर संस्थानात, कॉलेजात गेलो मध्य भारतात, आणि एका सकाळी उठलो तो मध्य प्रदेशात. घर तेच, खाट तीच, मी कुठ्ठे हललो नाही! पण राजधानी गेली भोपाळला. तिच्या मागे गेले अधिकारी, त्यांच्या मागे टेबलं-खुर्च्या, आणि चार राज्यांतले डॉक्टर एका पिशवीत घालून हलवले म्हणा ना! जबलपूरचा उज्जैनला, उज्जैनचा रायपूरला... आणि आमचे सर? रीवाला.

स्टेशनवर आम्ही दोघे गेलो, मी आणि डॉक्टर शामला टेंबे. ही माझ्याच बरोबरची, भूल द्यायचं काम शिकते. सर डब्यात बसले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "मोघे, टाके फार ओढू नकोस." हर्नियाचं नाव नाही! मी काय विचारणार, सर, तो माझा हर्निया रीवाला नेताय का म्हणून?

मग सर्जनची जागा रिकामी. नवे कधी येणार? आमच्या ऑफिसात बडे बाबू दौलतसिंह, तोंडात पान, समोर फायली. मी रोज विचारायचो, आणि ते मान वर करून पिंक सांभाळत म्हणायचे, "भोपाल लिख दिया है, डाक्टर साहब!" वॉर्डात कापूस संपला. "भोपाल लिख दिया है!" ऑपरेशनच्या खोलीचा दिवा गेला. "भोपाल लिख दिया है!" पेशंट परत जायला लागले. कुणी आग्र्याला, कुणी वैदूकडे, कुणी सरळ घरी जाऊन पडून राहिले. आणि मी? मी रिकाम्या खोलीत दोऱ्याच्या गाठी मारायचो. खुर्चीच्या पायाला. त्या खुर्चीला इतके टाके पडलेत की तिला आता डिस्चार्ज द्यायला हरकत नाही.

अशात एका भर दुपारी टांग्यातून महिपतराव शिर्क्यांना आणलं. मुरारचे. संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते, फौज विलीन झाली तेव्हा घोडा गेला, आता इंदरगंजात सायकली दुरुस्त करायचे. हर्निया जुना, पट्टा बांधून चालवलेला. पण आता आतडं बाहेर येऊन अडकलेलं, पोट ताशासारखं फुगलेलं, उलट्या थांबत नव्हत्या. बरोबर बायको, विजयाबाई. मी हात लावला आणि मला कळलं... आतलं आतडं मरायला लागलंय. आज कापलं तर कदाचित. उद्या, नाही.

धावलो मोठ्या साहेबांकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे. ते तापाचे डॉक्टर. म्हणाले, "मोघे, मी पोट बाहेरून तपासतो. आत मी कधी गेलेलो नाही." मुरारच्या मिलिटरी अस्पतालात फोन लावला, तर त्यांचा सर्जन झाशीला. आग्रा? अहो, हा माणूस स्टेशनापर्यंत टिकला नसता! म्हटलं, "साहेब, मग मी करू?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी हो म्हणत नाही, मोघे. आणि नाही पण म्हणत नाही." बाहेर आलो तर दौलतसिंह! म्हणालो, बाबूजी, तार करा, माणूस मरतोय. त्यांनी पान थुंकलं, पहिल्यांदा बघितलं मी त्यांना पान थुंकताना, आणि हळूच म्हणाले, "तार भी कर चुका हूँ, बेटा. आप जाइए."

शामला दारात उभी. "रमाकांत, मी ईथर देते, तू काप. वाईट झालं तर दोघांनाही रीवाला पाठवतील. तिथे सर आहेतच." ही अशी बोलते.

मग विजयाबाई. पदर घट्ट धरून उभ्या. "डॉक्टरसाहेब, तुम्ही करणार का हो?"

"हो."

"आधी केलंय?"

काय सांगू? खोटं बोलवेना. म्हटलं, "पाहिलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नीट पाहिलंय ना? मग करा."

आणि मी केलं. तुम्हाला सांगतो, चाकू हातात आला आणि मला सरांचं ओरडणं ऐकू यायला लागलं, पण सर तर रीवाला! दिवा नाही, टेबल खिडकीच्या उजेडात ओढलं; आकडा धरायला कुणी नाही, वॉर्डच्या सिस्टरला धरायला लावला. आणि मी चक्क ओरडलो, "सिस्टर, ओढा!" ती बिचारी दचकली. आत आतडं काळंनिळं. ऊन पाण्याचे बोळे ठेवले, थांबलो, परत बघितलं... रंग येईना. मग तेवढा तुकडा काढला आणि दोन टोकं शिवली. टाके ओढले नाहीत. एकही ओढला नाही. बाहेर आलो तेव्हा अंगरखा पिळला असता तर बादली भरली असती, आणि शामला पायरीवर बसून नुसती रडत होती. वाईट म्हणून नाही हो, संपलं म्हणून.

महिपतराव शुद्धीवर आले. पाणी प्यायले. मला म्हणाले, "डॉक्टर, घोड्यावर बसता येईल का?" म्हटलं, "आधी सायकलवर बसा, मग बघू." हसले. पोट मऊ, ताप नाही. मी वॉर्डात दिवसातून इतक्या वेळा जायचो की बाकीचे पेशंट कुरकुरायला लागले, आम्हाला पण कुणी बघा म्हणून.

आणि मग छातीत कफ भरला. वय झालेलं, विडीची छाती, ईथर... पेनिसिलिन दिलं, बसतं केलं, पाठ थोपटली. काही उपयोग नाही. सकाळच्या उन्हात, खिडकीकडे तोंड करून गेले. पोट शेवटपर्यंत मऊ होतं. पण ते कुणाला सांगणार? कीर्तन सुंदर झालं आणि देऊळ पडलं, असं?

विजयाबाई रडल्या नाहीत माझ्यासमोर. म्हणाल्या, "हसले तेवढे. तेवढं तरी मिळालं." आणि मला, मला म्हणतात, "तुम्ही जेवून घ्या."

आणि त्याच आठवड्यात, होल्डॉल घेऊन, नवे सर्जन हजर! डॉक्टर तिवारी, जबलपूरचे. सगळं ऐकून घेतलं, उभ्या उभ्या. मी वाट बघतोय, आता ओरडतील, आता काढून टाकतील. विचारलं, "कोई और था?" "नहीं, सर." मग म्हणाले, "मैं भी यही करता. शायद वो तब भी जाता." अहो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! आणि लगेच, "कल से रिट्रॅक्टर पकड़ो. हमारे यहाँ पहले एक साल पकड़ते हैं." म्हटलं, सर, मी दोन वर्षं धरलाय. म्हणाले, "वो मध्य भारत का था."

मी दौलतसिंहांकडे गेलो, की जुनी दोन वर्षं धरणार की नाही? काय म्हणाले असतील? बरोब्बर. भोपाल लिख दिया है!

मग थोड्या महिन्यांनी महिपतरावांचे धाकटे भाऊ आले, तात्यासाहेब. त्यांनाही हर्निया. म्हणतात, "करायचं तर मोघे डॉक्टरांनीच." मी म्हटलं, तात्यासाहेब, तुमचे भाऊ माझ्या हातून गेले. म्हणाले, "गेले. पण तुम्ही होतात ना तिथे. दुसरं कोण होतं?"

ऑपरेशन तिवारीसाहेबांनी केलं. मी आकडा धरून. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं, पेशंट जागा, मध्ये चादर. मध्येच तात्यासाहेब घाबरून विचारतात, "मोघे डॉक्टर, तुम्हीच करताय ना?" मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान वर केली नाही, हात थांबवला नाही. म्हणाले, "वही कर रहे हैं. आप आराम से लेटिए."

टाके निघाले, तात्यासाहेब चालत घरी गेले. आता मुरारहून लोक येतात, मोघे डॉक्टरांचा हात काय आहे म्हणतात!

परवा इंदरगंजात विजयाबाई भेटल्या. दुकान आता त्याच बघतात. सायकलचं चाक तिथेच टेकवून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "भावजींचं छान झालं हो. बसला तुमचा हात."

आता काय सांगायचं त्या बाईला, सांगा ना?

म्हटलं, "हो. बसला."