घाटात दिलेलं चेनचं लॉक

२००४ साली नाशिकच्या द्वारकेजवळ एका गॅरेजात मी स्कूटरसाठी थांबलो होतो. बाजूला सुरगाण्याहून आलेला एक माणूस मिस्तरींशी बोलत होता.

"मिस्तरी, मातीतल्या रेसच्या गाडीला लागते तसली मजबूत चेन दाखवा."

"पुंजाभाऊ, तुमच्या गाडीला साधी चालते."

"मला नाय, एका पोराला द्यायची हाय. गेल्या दिवाळीत बायकोला मोटरसायकलवर बाळंतपणाला नाशिकला आणत होतो. घाटात चेनची दोन टोकं जोडणारं लॉक तुटून पडलं. तिला कळा सोसवत नव्हत्या. तेवढ्यात हा रेसच्या गाडीवर आला. दोन्ही गाड्यांची चेन एकाच मापाची निघाली. त्यानं आपलं लॉक काढून माझ्या चेनला लावलं."

"आणि तो?"

"गाडी ढकलत गेला. घाईत नाव विचारायचं राहिलं."

"लाल हेल्मेट होतं?"

"हां. ओळखता?"

"आमचा ललित. त्याची रेसची गाडी मीच बघतो. त्या दिवशी त्याची रेस हुकली."

"मग तर चेन द्यायलाच पाहिजे."

"चेन नंतर बघू. सुरगाण्याचं कुणी आलं की तो एकच विचारतो, त्या ताईचं काय झालं?"

"सांगा ना, मुलगी झाली."

"मी नाही. नंबर लावून देतो, तुम्हीच सांगा."

"हॅलो, दादा? मी घाटातला. दोघी बऱ्या हायेत. पोरगी आता धरून उभी राहते."