एकच लाइन

दुरुस्तीच्या दुकानात नर्सबाई ताटकळत बसल्या होत्या. काउंटरपाशी एक थकलेलं जोडपं दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप न्यायला आलं होतं. दुकानदारानं तो पुढे सरकवला.

"झाला एकदाचा, काका! लिनक्सवर आतला मोडेम चालवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. ड्रायव्हर तीनदा बसवला."

"मी दोन महिने खपलो, पण हूं की चूं नाही. आता नंबर फिरवतो ना?"

"फिरवतो आणि जोडतोही. फोनची वायर काढून यात खोचा, की मेल सुरू."

"ऐकलंस? आता लेकीला रोज लिहू."

"आणि तेवढा वेळ फोन?"

"फोन लागणार नाही, काकू. लाइन एकच ना."

"मग नको."

"अगं, पाच मिनिटांचा तर प्रश्न."

"नेमका तेव्हाच तिनं केला तर?"

"चार वर्षांत केलाय का एकदा तरी?"

"नाही केला."

"मग?"

"अहो, म्हणूनच."

काकांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"दुसरी लाइन मिळायला किती दिवस लागतात हो?"

"अर्ज केल्यावर तीनेक महिने, काका."

"थांबू की. अर्ज कुठे द्यायचा, तेवढं लिहून द्या."

हे काकू म्हणाल्या. दुकानदार कागद शोधू लागला, तशी नर्सबाईंनी खिशातलं पेन काढून पुढे केलं.