ट्यूबमधलं दुःख

दुःख येत नाही म्हणे! मला! अहो, सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसतोय मी. सकाळी दहाला पहिला माणूस खिडकीत तोंड घालून विचारतो, "माणसं आहात की कोण आहात?" तिथून माझा दिवस सुरू होतो. आणि आमचे गिटारचे सर, वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, डोळे मिटून मान हलवतात, "बोटं बरोबर पडतात हो, पण... दुःख येत नाही."

आता तुम्हाला सांगतो, सर शिकवतात ते ब्लूज म्हणजे काय, तर तीन कॉर्ड आणि उरलेलं सगळं दुःख. सरांचा चौघांचा ग्रुप आहे, त्यातल्या एकाची बदली झाली, जागा रिकामी. सहा वर्षं डोळा ठेवून होतो हो मी त्या जागेवर! निवृत्तीच्या आत एकदा तरी चार माणसांसमोर वाजवायचंय, बाकी काही मागणं नाही. तर सर म्हणाले, "दोष तुमचा नाही, तुमच्या अ‍ॅम्पचा आहे, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या डब्याचा. ट्रान्झिस्टरवाला तो. बटण दाबलं की बोलायला लागतो, टापटीप, कोरडा... सरकारी खिडकीतल्या माणसासारखा." माझ्या तोंडावर! "ट्यूबवाला घ्या. आत काचेच्या ट्यूबा असतात, त्या तापतात, आवाज जरा फाटतो, कंठ दाटून येतो. दुःख तिथून येतं."

घरी सांगितलं, ट्यूब घ्यायचीय. बायको म्हणते, "स्वयंपाकघरातली गेलीच आहे, चार फुटी आणा." म्हटलं, अगं ती नव्हे, गिटारची! चालू केली की आधी तापायला वेळ घेते, मग हळूहळू पेटते. तर म्हणते, "मग विकत कशाला? तसली एक घरात आहेच की, लग्नापासून बघतेय." आणि दुःख येत नाही म्हणे!

दुकानात गेलो. दुकानदार म्हणतो, "काका, ट्रान्झिस्टरच घ्या. हलका, आपटला तरी काही होत नाही." म्हटलं, दुःखाचं काय? "आहे ना, त्याचं बटण आहे!" आणि खरंच होतं हो, 'ब्लूज' लिहिलेलं बटण! दाबायचं आणि दुःखी व्हायचं! मोह झाला, पण सरांची ती हलणारी मान डोळ्यांपुढे आली... घेतला ट्यूबवाला. घरी आवाज एकवर लावला तर नुसता कुजबुजतो. सहावर नेल्याशिवाय म्हणे फाटतच नाही. नेला सहावर. पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मेट्रन दारात. "कोणाला काही झालंय का?" म्हटलं, नाही, दुःख आणतोय. "ते खाली आलंय," म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी सर ऐकणार होते. हा एकच रविवार, मग दुसऱ्याला घेणार. अ‍ॅम्प बावीस किलो, सरांचा क्लास तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की आपण एकटे गेलो तरी आडवं व्हावं लागतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अ‍ॅम्प कठड्याला आपटला आणि त्याच क्षणी माझ्या कमरेत कट्‌... दोघं एकदमच गेलो! वर नेऊन चालू केला. लाल दिवा लागला, आवाज? नाव नको! सर बाहेर फोनवर होते. मग मी... कोणाला सांगू नका हं... वायर काढली आणि कोपऱ्यात शिकाऊ लोकांसाठी ठेवलेल्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या डब्यात खुपसली. सर आले, डोळे मिटून बसले, मी सुरुवात केली. उभं राहवेना, बसवेना, तार ओढली की कमरेतली कळ थेट मस्तकात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून आपोआप "आई गं"... तेही तालात!

सरांनी डोळे उघडले. ओले! "ऐकलंत? म्हटलं नव्हतं? ट्यूब ती ट्यूब!" आणि घेतलं हो मला ग्रुपमध्ये! इतका आनंद झाला की खरं काय ते ओठांवर आलं होतं... पण सहा वर्षं! गिळलं. सर म्हणाले, "अट एकच. दर रविवारी हाच अ‍ॅम्प आणायचा."

मेकॅनिक म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे, करून देतो. नको म्हटलं. चालू झाला आणि दुःख गेलं तर? तसाच नेतो... बंद, बावीस किलो, तीन मजले, आणि सरांनी डोळे मिटले की वायर गुपचूप त्या छोट्या डब्यात. वर पोचेपर्यंत, तुम्हाला सांगतो, येतं हो. भरपूर येतं.