मारामारीची प्रत

—नाही, तसं नाही धरायचं भाऊ, कडेनं धरा, दोन तळव्यांच्या मध्ये, बोट मधल्या कागदाला टेकलं तर चालतं पण काळ्या भागाला नको — तुम्हाला ठाऊक असणारच म्हणा, इतक्या लांबून आलात त्या अर्थी, पण माझ्या तोंडातून निघतंच, ह्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की जिभेवर बसलंय. हे म्हणजे आमचे हे. दुकानाचे मालक, काल तुमच्याशी फोनवर बोलले ते. आहेत ना. तळघरात आहेत, खाली, जुन्या खोक्यांजवळ. तोवर मी दाखवते तुम्हाला, मलाही सगळं माहीत आहे. बसा त्या स्टुलावर, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीला रेलून बसा म्हणजे डुगडुगणार नाही. ती ठकठक होय? ती ह्यांचीच. तळघराचं दार जरा घट्ट बसतं. तुम्ही नका लक्ष देऊ. आणि तो पंप तिथंच राहू द्या, टर्नटेबलशेजारी. दम्याचा आहे. ह्यांचाच.

तर बँड. ह्या दुकानात बँड म्हणजे एकच, दुसऱ्या कुणाचं नाव ह्यांना खपत नाही — एकदा एक गिऱ्हाईक भलत्याच बँडची रेकॉर्ड मागून बसलं, तर ह्यांनी त्याला बकोटीला धरून बाहेर काढलं आणि वर मला म्हणाले, फरशी पुसून घे. हसा, हसण्यासारखंच आहे. चौघं होते सुरुवातीला. गाणारा घोगरा, गिटारवाला लांब्या, ड्रमवाला हातोड्या आणि बेसवर तो मुका — म्हणजे बोलता येतं हो त्याला, पण मुलाखतीत कधी कुणी त्याचा आवाज ऐकला नाही, म्हणून मुका. घोगऱ्याच्या मामाचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या शेडमध्ये वाजवायचे. पहिल्या दिवसापासून मारामारी. लांब्यानं घोगऱ्याचे पुढचे दात पाडले — म्हणून तर त्याचा आवाज तसा फुटतो वरच्या पट्टीत, लोकांना वाटतं स्टाइल आहे, स्टाइल कसली, दातच नाहीयेत. मग घोगऱ्यानं लांब्याची गिटार लांब्याच्याच गुडघ्यावर तोडली, गुडघ्यासकट. एका कार्यक्रमात लोकांनी खुर्च्या फेकल्या, बँडनं त्याच उलट फेकल्या, एका माणसाचा डोळा गेला — आणि तो माणूस पुढे प्रत्येक कार्यक्रमाला यायचा, उरलेल्या डोळ्यानं बघायला, वर अभिमानानं सगळ्यांना सांगायला. ड्रमवाले किती बदलले त्याला गणतीच नाही. कुणाचं मनगट गेलं, कुणी पळून गेला, एकजण रात्री गाडीतून ढकलला गेला, त्याबद्दल कुणी बोलत नाही. शेवटी काय, जुन्यातला उरला तो एक मुका. सगळे एकमेकांच्या नरडीला धरून गेले आणि तो आपला मागे उभा राहून वाजवतोय अजून, तोंडातून ब्र न काढता. मला तोच आवडतो. ह्यांना कधी बोलले नाही मी तसं. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, गाण्याचा शौक आहे म्हणजे माणूस मऊ असेल.

हो, हो, प्रतीवरच येते. घाई नका करू, ती कुठं जात नाही. तर पहिली रेकॉर्ड — ‘भट्टी’. ती ध्वनिमुद्रित करताना शेवटच्या गाण्यात हातोड्या लय पळवायला लागला. घोगऱ्यानं एकदा डोळे वटारले, दोनदा वटारले, तिसऱ्यांदा माइकचा लोखंडी दांडा उचलला आणि घातला त्याच्या नाकातोंडावर. टेप चालूच होती. सगळं आलं त्यात — तो दणका, झांज खाली पडलेली, हातोड्याचं गुरगुरणं, कुणीतरी ‘पुरे, पुरे’ म्हणतंय, आणि मग नुसता श्वास, ओला ओला, नाकातून रक्त येत असताना येतो तसा. कंपनीनं तेवढा भाग कापायला सांगितला होता, पण कारखान्यात चुकून न कापलेलीच टेप गेली. काही खोकी बाजारात गेल्यावर लक्षात आलं, मग धावाधाव, परत मागवल्या, वितळवल्या. ज्या राहिल्या त्या ह्या. मारामारीची प्रत. बाहेरून दोन्ही सारख्याच, तोच भट्टीचा फोटो, तीच भडक नारिंगी — फरक फक्त आत, शेवटच्या काठाशी, रेघा संपतात तिथं कोरलेल्या अक्षरात. तेच विचारलं होतंत ना तुम्ही फोनवर.

लावू का? ऐकल्याशिवाय कशी घ्याल. सरळ शेवटचंच गाणं लावते. — बघा. ऐकलंत? नाही, रेकॉर्डमध्ये नाही, खाली. ठक, ठक-ठक. तालात येतंय. हे कुठंही असोत, हे गाणं लागलं की ह्यांचा हात चालतोच, जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर. आत्तासुद्धा, बघा ना. इतका वेळ नुसतं दार बडवत होते, आणि आता लय धरली. मला हसू येतंय, पण हसायची वेळ नाही ही. सकाळी ओरडतही होते. आता ओरडायला दम पुरत नाही. खाली जुन्या वेष्टनांवर बुरशी धरलीय, हलवलं की धूळ उडते, ती ह्यांना सोसत नाही. म्हणून तर पंप कायम खिशात असतो ह्यांच्या. आज खिशात नाहीये.

श्श — आता येईल. हा दणका. आणि हा श्वास. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला इथं डोळे मिटायला लावायचे. म्हणायचे, ह्याला म्हणतात खरं संगीत, ह्यात खोटेपणा नाही. मी आतल्या खोलीत भांडी घासत असायचे. तो श्वास आला की माझे हात थांबायचे. कारण तो मला ओळखीचा होता, दुसरं काय. तसा श्वास मी पुष्कळदा घेतलाय, मोरीत, तोंडावर पाणी मारत, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.

आता हा डाग. काढा, काढा भिंग, सगळेच काढतात. ह्यांनी सांगितलं असेल तुम्हाला — हातोड्याचं रक्त. पुढच्याच कार्यक्रमात त्याचं नाक पुन्हा फुटलं आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ही वेष्टनासकट पुढे केली, आणि बरोब्बर कोपऱ्यात थेंब पडले. असंच सांगतात ना? छान रचलंय. त्या कार्यक्रमाला हे गेलेच नव्हते, भाऊ. तो डाग माझा आहे. रेकॉर्ड कपाटावरून काढताना माझ्या हातून निसटली होती, पडली नाही, नुसती निसटली, मी धरलीसुद्धा. तेवढ्यावरून ह्यांनी कोपरानं मारलं, इथं, नाकावर. ते हाड अजून थंडीत दुखतं. रक्ताचे थेंब वेष्टनावर पडले आणि हे धावले — माझ्याकडे नाही. वेष्टनाकडे. टिपकागद आणला, दिव्याखाली धरलं, हळू हळू टिपलं, बाळाचं अंग पुसावं तसं. नाही निघाला. डोक्यात राख घालून बसले दोन दिवस. आणि मग पहिलंच गिऱ्हाईक आलं ते विचारतंय, हे रक्त कुणाचं? — मी दारातच उभी होते, नाकाला पट्टी लावून. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत वेष्टनाकडे. ह्यांच्या डोळ्यांत काय चमक आली तेव्हा. झाली गोष्ट तयार. त्या दिवसापासून माझं रक्त हातोड्याचं झालं, आणि लोक वास घेऊन बघतात त्याचा.

तुम्हीपण बघितलंत की आत्ता. वाईट नका वाटून घेऊ.

काल तुमचा फोन आला. त्याआधी आमच्या मुलीनं एक चूक केली होती, आणि ती चूक ह्या घराशिवाय जगात कुठंच चूक झाली नसती. तिनं दोन्ही ‘भट्टी’ ऐकल्या, साधी आणि ही, आणि ठेवताना अदलाबदल झाली. ह्या डागाच्या वेष्टनात साधी गेली. बस्स. एवढंच. तिला आवडायचं हो ते — लहानपणापासून दोन पेन्सिली घेऊन टेबलावर वाजवायची, बापाला तिची तेवढी एकच गोष्ट आवडायची, म्हणून ती वाजवत राहिली असेल. तर तुम्ही ते कोरलेलं अक्षर विचारलंत, तिच्या बापानं रेकॉर्ड काढली, काठ बघितला, आणि त्याचा चेहराच बदलला. रिसिव्हर तसाच खाली सोडला, लोंबकळत. मुलीला हाक मारली, अगदी गोड आवाजात. ती आली. हा खण बघा, काउंटरचा — जड आहे, शिसवी आहे. त्यानं तिचा हात धरून ह्याच्यात घातला आणि खण लावला. एकदा नाही. मी मध्ये पडले तर मला लाथेनं मागं लोटलं, आणि परत लावला. बोटांचा आवाज — मी सांगत नाही तुम्हाला तो. तुम्ही ऐकलाच आहे.

ऐकलात ना? फोन चालू होता, भाऊ. ती किंचाळली, मी किंचाळले, ते सगळं गेलं असणार तारेतून तुमच्याकडे. नंतर तो कोट घालून बाहेर निघून गेला, मी मुलीच्या हाताला टॉवेल गुंडाळला, आणि तो लोंबता रिसिव्हर जागेवर ठेवायला उचलला. तुम्ही होतात अजून. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी विचारेल. काय झालं, कोण रडतंय, पोलिसांना बोलावू का — काहीही. तुम्ही म्हणालात, ‘सापडली का हो प्रत?’

मी ‘हो, या उद्या’ म्हणाले.

मुलगी मावशीकडे आहे, माझ्या बहिणीकडे. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची दोन बोटं वाकणार नाहीत आता. आज सकाळी तो खाली गेला, तिनं आणखी काय काय हलवलंय ते तपासायला. बाहेर जायचा कोट इथं खुंटीवर होता, पंप कोटात. मी जाऊन कडी लावली. रागानं नाही लावली हो, अंगाचा तिळपापड झाला होता तो काल. आज अगदी शांतपणे, गॅस बंद करावा तशी लावली. मग कोटातून पंप काढला, इथं आणून ठेवला, आणि तुमची वाट बघत बसले. दोनदा उठले मी. खरं सांगते, दोनदा त्या दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. तो आतून म्हणाला, उघड, तुला सोलतो. परत आले. दुसऱ्यांदा म्हणाला, उघड गं, श्वास येत नाही. तेव्हा जास्त भीती वाटली मला, कारण तेव्हा मी उघडणार होते. आणि उघडलं असतं तर उद्या मुलगी घरी आली असती, आणि खण इथंच आहे.

म्हणून मी ठरवलं की आपण नको ठरवायला. ज्यानं कालचं ऐकलंय त्याला ठरवू दे. तो अनोळखी आहे, त्याला आमचं प्रेमही नाही आणि भीतीही नाही. उठा, इकडे या. हे बघा, दोन्ही ठेवते समोर. ह्या बाजूला पंप. पडद्यामागं दार आहे, कडी वरची आहे, हात पोचेल तुमचा. मी अडवणार नाही, शपथ. तुम्ही उघडलंत तर मी पोलिसांनाही सगळं सांगेन, माझंही आणि त्याचंही. आणि ह्या बाजूला ही. मारामारीची प्रत, खऱ्या वेष्टनात, डागासकट. पैसे नकोत. पण एकच न्यायची. पंप घेतलात तर मी ही इथल्या इथं गुडघ्यावर मोडणार, तुमच्यादेखत. ती ह्या घरात राहणार नाही.

ठकठक हळू झालीय बघा. गाणं संपलं तरी लय तीच धरलीय अजून, नुसती मंद झालीय. विचार करायला फार वेळ नाहीये तुम्हाला.

भाऊ, कडीचं दार तिकडे आहे.

...अस्सं.

नाही, घ्या, घ्या, तुमचीच आहे ती आता. कडेनं धरा म्हणाले ना. थांबा, पिशवी देते, कोपरे दुमडतील नाहीतर. कुणी विचारलं तर डाग हातोड्याचा म्हणून सांगा, तेच बरं दिसतं. मला वाटलं होतं — जाऊ दे. काल फोनवरच कळायला हवं होतं मला.

थांबा जरा. पाय वाजवू नका.

ऐकू येतंय काही? नीट ऐका, तुमचे कान तयार आहेत.

नाही ना. मलाही नाही.

या तुम्ही. दारावरची पाटी फिरवून जा.