चिवट रेघ

सलूनच्या बाकावर पोस्टमन दाढीसाठी थांबला होता. पडद्याआड न्हाव्याचं आणि त्याच्या लेकीचं धारेच्या नव्या दगडावरून जुंपलं होतं.

"बाबा, नवा कोरा दगड, घासताय कशाला?"

"नवा म्हणजे सपाट असतो होय? यावर वस्तरा लावला तर धार वाकडी येते. तुझा नवराही नवा होता, तोही घासावाच लागला."

"माझ्या नवऱ्यावर घसरू नका. द्या इकडे, रेघा मारते."

"पेन्सिलीनं, उभ्या-आडव्या. सगळ्या पुसल्या गेल्या की दगड सपाट."

"माहितीये. घ्या, मारल्या."

काचेवर अंथरलेल्या पॉलिश पेपरवर दगड खरखरू लागला.

"गेल्या का रेघा?"

"निम्म्या गेल्या."

"आता?"

"एक राहिलीये कोपऱ्यात. चिवट आहे, तुझ्या आईसारखी."

"बघा हं नीट."

"बघतोय ना! हां, गेली एकदाची. बोलाव पोस्टमनला."

"बाबा, पेन्सिल मी उलटी धरली होती."

"म्हणजे?"

"एकही रेघ मारली नव्हती."

खरखर थांबली. पोस्टमनचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"कधीपासून शंका होती तुला?"

"शाळेतले मास्तर तुमच्याकडून एकच कल्ला कापून घेऊन घरी गेले, तेव्हापासून."

"मास्तर तर काही बोलले नाहीत."

"तुम्हाला कोण बोलणार?"

"हं. पोस्टमनची दाढी तू कर. दगड मी घासतो."

"आणि रेघा?"

"मार की. जरा ठळक मार."