हॅस्केलची मूठ

नेटी : हे रिव्हॉल्व्हर नुसतं टक् वाजलं, ऑर्विल. हे असलं काम करतोस तू? आणि आमचा हॅस्केल गावभर सांगत फिरायचा, अख्ख्या केंटकीत ऑर्विलसारखा बंदुकांचा कारागीर नाही म्हणून.

ऑर्विल : आधी बसा तरी, वहिनी. बघू इकडं. रिकामं आहे ना?

नेटी : गोळ्या ह्या डब्यात आहेत. नवऱ्याला मातीत पुरलंय, अक्कल नाही पुरली.

ऑर्विल : चाप तर लोण्यासारखा येतोय. हॅस्केलला असाच हवा होता, जत्रेतल्या नेमबाजीसाठी. बोटं दुखायची ना त्याची. म्हणून आतली स्प्रिंग नरम केली, सगळे भाग घासून गुळगुळीत केले. आणि ही अक्रोडाची मूठ त्याच्या पंजाच्या मापानं कोरली. बघा ना...

नेटी : कौतुक पुरे. उडालं का नाही, ते सांग.

ऑर्विल : गोळ्या कुठल्या घातल्यात?

नेटी : दुकानातल्या. त्यानं भरलेल्या संपल्या.

ऑर्विल : तिथंच घोटाळा झाला. स्प्रिंग नरम, म्हणजे घोडा हळू आपटतो. हॅस्केल गोळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी मऊ टिकली लावून स्वतः गोळ्या भरायचा. दुकानातली टिकली कडक, तिच्यावर नुसता खळगा पडतो, ती पेटत नाही. मयताच्या दिवशीच तुम्हाला सांगायला हवं होतं मी. डोंगरात एकट्या राहता, आणि जवळ हे खेळणं. लाज वाटते मला. थांबा, आत्ता जुनी स्प्रिंग बसवतो.

नेटी : म्हणजे कितीही ओढलं तरी उडालं नसतं?

ऑर्विल : एखादी उडालीही असती, नेम नाही. द्या तो डबा. हिच्यावर खळगा... हिच्यावरही... आणि हिच्यावर. वहिनी, तीनदा ओढलात? साप निघाला होता?

नेटी : नाही.

ऑर्विल : मग ती नशेपायी घरं फोडणारी पोरं? शेरीफला कळवलंत का?

नेटी : काल दुपारी तळघरातून बरण्या घेऊन वर आले, तर स्वयंपाकघरात कुणीतरी पाठमोरा. केस खांद्यापर्यंत. फडताळात हात घालून उभा. हे माझ्या ॲप्रनच्या खिशात असतंच. मी हाकसुद्धा मारली नाही, ऑर्विल. सरळ चाप ओढला.

ऑर्विल : आणि तो?

नेटी : तिसऱ्या टकला वळला. तोंडात माझं बिस्किट. म्हणाला, "आई, ते बाबांचं आहे ना?"

ऑर्विल : तुमचा लॉयल?

नेटी : बापाशी भांडून गेला तो गेला, मयतालाही आला नाही. आणि काल आला, मागच्या दारानं, न वाजवता. लहानपणापासूनची खोड.

(ऑर्विल हातातली गोळी डब्यात ठेवतो. डब्याचं झाकण लावतो.)

ऑर्विल : माझ्या चुकीनं वाचला म्हणायचा, वहिनी.

नेटी : आभार कसे मानायचे, तेच कळेना. म्हणून तर तुला शिव्या घालत आत शिरले. तो बाहेर गाडीत आहे. मला चालवू देईना.

ऑर्विल : मग स्प्रिंगचं काय करू?

नेटी : काही करू नकोस. मूठ तेवढी सोडवून दे. लोखंड राहू दे तुझ्याकडेच.

ऑर्विल : नुसती मूठ घेऊन काय करणार?

नेटी : लॉयलचा हात तिच्यात बसतो का, ते बघायचंय.