खाडीची माती

हसू नका, पण माह्या दोन महिन्यांच्या मेहनतीची चूल झाली. कोकणातल्या खाडीच्या चिखलाच्या पिशव्या घेऊन मी नागपूरच्या प्रयोगशाळेत चाललो होतो. हजार वर्षांआधी समुद्राचं पाणी कुठवर यायचं, हे त्यातल्या बारीक जीवांच्या कवचांवरून शोधायचं होतं. वाटेत इंझोरीले आईकडे मुक्काम केला, दीड वर्षानं. घरात थे एकटीच असते. सकाळी उठून पाहतो तं आई त्याच चिखलानं चूल पोतारून राह्यली!

“आई, बॅगेतून काढलंच काहून थे?” मी ओरडलो.

तिचा हात थांबला.

“मले वाटलं, माह्यासाठीच आणलं असशीन. बॅगेत दुसरं काईच नोतं ना, बाबू.”